बांबूच्या पाटीवर नेमकं काय लिहायचं?

कमाटीकर

बडोद्यात आमच्या निसर्गमंडळाने वाघोडिया रस्त्यावरच्या एका वाडीत बांबूची बेटं लावली, ती आता चांगली उंच झाली आहेत. शाळांच्या सहली येऊ लागल्यात. म्हणून प्रत्येक बेटापुढे एक पाटी आणि फाटकापाशी बांबूचा मोठा वंशवृक्ष रंगवायचा असं ठरलंय. रंगारी तयार आहे, मजकूर नाही.

मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो बांबू उसाशेजारी काढा, दिसायला तसाच आहे. दुसरा म्हणतो तांदळाशेजारी. शिवाय नावांचा घोळ आहे. बेटं अशी: काटस, मानवेल, पिवळा-हिरव्या रेघांचा, 'भीमा', कोकणातून आणलेला माणगा, आणि एक ज्याच्यावर नर्सरीने फक्त 'हायब्रिड बांबू' अशी चिठ्ठी लावली होती. पाटी एकदा रंगली की दहा वर्षं कोणी बदलत नाही, तेव्हा बराबर लिहायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

गवत्या

उसाशेजारी अजिबात काढू नका. गवतांच्या कुलाचे, म्हणजे पोएसीचे, दोन मोठे गट आहेत. एका गटात बांबू, भात आणि गहू-जव-ओट यांची उपकुलं येतात. या तीन उपकुलांच्या शास्त्रीय नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला बीओपी म्हणतात. दुसऱ्या गटात ऊस, मका, ज्वारी, बाजरी. त्याचं नाव पॅकमॅड.

बीओपीमध्ये भाताचं उपकुल आधी फुटलं. बांबू आणि गहू हे त्यानंतर एकमेकांपासून वेगळे झाले. म्हणजे बांबूला सर्वांत जवळचा गहू, मग भात, आणि ऊस बराच लांब. तुमच्या दोन्ही तटांपैकी दुसरा बरोबर दिशेने आहे, पण फांदी एक वर सरकवा.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. सी-४ प्रकाशसंश्लेषण, म्हणजे कडक ऊन-उष्णतेत जास्त कार्यक्षम ठरणारी पद्धत, गवतांपैकी फक्त पॅकमॅड गटात आढळतं. बीओपीतली सगळी गवतं सी-३, म्हणजे साध्या पद्धतीची. रोपं विकणारे कधी कधी 'बांबू उसासारखंच सी-४ पीक आहे' असं छापतात, ते चूक आहे. पाटीवर येऊ देऊ नका.

दांडियाबाजार

म्हणजे बांबू पोळीचा सख्खा चुलत, भाताचा दूरचा, आणि उसाशी फक्त लग्नात भेट :)

रानवाट

गवत की झाड हेही पाटीवर हवं, मुलं पहिला प्रश्न तोच विचारतात. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'वृक्ष' या व्याख्येत ताड-माडांबरोबर बांबूही घातलेला होता. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून वाहून न्यायलाही परवाने लागायचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश काढून व्याख्येतून 'बांबू' हा शब्द काढला. जंगलातला बांबू मात्र वनोपजच आहे, त्याला हात लावण्याआधी नियम बघावे लागतात. वनस्पतिशास्त्राने बांबूला गवतात घालून शतकं झाली होती, कायदा तिथे पोचायला नव्वद वर्षं लागली.

गवत्या

@रानवाट, चांगली भर. शास्त्रीय कारणही एका वाक्यात द्या: बांबूत कॅम्बियमचा थर नसतो, त्यामुळे खोड वर्षागणिक जाड होत नाही. कोंब जमिनीतून जेवढ्या घेराचा निघतो तेवढाच तो कायम राहतो. उंचीही एकाच हंगामात, काही महिन्यांत पूर्ण होते. पुढची दोन-तीन वर्षं फक्त भिंत कडक होत जाते. म्हणून खोडात वर्तुळं मोजून वय काढता येत नाही. वय ओळखायचं तर खोडाचा रंग, त्यावरची पांढरी भुकटी आणि आवरण शिल्लक आहे का हे बघतात.

पारंबी

पाटीचा विषय निघालाच आहे तर: फाटकापाशी शोभेसाठी 'लकी बांबू' ठेवू नका. ती ड्रॅसीना आहे, शतावरीच्या कुलातली. वेत हा ताडाच्या कुलातला. देवनळ गवतच, पण पॅकमॅड गटातला, म्हणजे उसाच्या बाजूचा. हे तिन्ही सहलीतल्या बाई हमखास बांबूत धरतात.

मूळकंद

आता खुद्द बांबूच्या आत. बांबुसॉइडी उपकुलात १,६०० हून जास्त जाती धरतात आणि त्यांचे तीन गट, ज्यांना ट्राइब म्हणतात:

अरुंडिनॅरिई: थंड हवेतले काष्ठमय बांबू. चीन-जपानमधले फिलोस्टॅकिस, हिमालयातले रिंगाल याच गटात.

बांबुसिई: उष्ण प्रदेशातले काष्ठमय बांबू. तुमच्या वाडीतली सगळी बेटं यात येतात.

ओलिरिई: लहान, मऊ खोडाचे बांबू. बहुतेक सगळे अमेरिकेच्या उष्ण जंगलांत, एक प्रजाती (म्हणजे जीनस, जातींचा गट) न्यू गिनीत. शंभर-सव्वाशे जाती. आपल्याकडे मूळचा एकही नाही.

हे तीन गट पक्के आहेत. वाद आहे तो त्यांच्या आपसातल्या नात्याचा, आणि खरी गंमत तिथेच आहे. हरितलवकातला डीएनए वाचला तर थंडीतले बांबू आधी वेगळे होतात, आणि उष्ण काष्ठमय व मऊ बांबू एकमेकांचे भाऊ ठरतात. म्हणजे लाकूडपणा दोनदा आला किंवा एकदा गेला असं मानावं लागतं. केंद्रकातली जनुकं वाचली तर उलटं दिसतं: सगळे काष्ठमय एकत्र, मऊ बांबू बाजूला.

दोन्ही वाचनं खरी आहेत. हरितलवक फक्त एका पालकाकडून, सहसा आईकडून येतं. केंद्रकात दोघांचा हिस्सा असतो. २०१९ मध्ये पूर्ण जनुकसंचांच्या अभ्यासातून चित्र स्पष्ट झालं. मऊ बांबू द्विगुणित आहेत, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच दोनदा, त्यांच्या संचाला एच म्हणतात. काष्ठमय बांबू मात्र जुन्या, आज नाहीशा झालेल्या पूर्वजांच्या संकरातून, संच दुप्पट-तिप्पट होऊन बनलेत. त्या पूर्वजांचे चार संच ए, बी, सी, डी. अमेरिकेतल्या उष्ण काष्ठमय बांबूंत बी आणि सी. आशिया-आफ्रिकेतल्या उष्ण बांबूंत ए, बी, सी तिन्ही. थंडीतल्यांत सी आणि डी. सी सगळ्या काष्ठमयांत आहे, म्हणून केंद्रक त्यांना एकत्र आणतं.

गुणसूत्रांतही हे दिसतं. मऊ बांबूंत साधारण २० ते २४, थंडीतल्यांत ४८, आणि आपल्या मानवेल-काटसांत सत्तरीच्या आसपास.

रानवाट

मूळकंद, माहिती उत्तम, पण सहावीतल्या मुलासमोर ए-बी-सी-डी संच मांडणार का? वंशवृक्ष साधा ठेवावा. तीन फांद्या, संपलं.

मूळकंद

साधा ठेवा, पण खोटा नको. नुसत्या तीन फांद्या काढल्या की मुलाच्या डोक्यात बसतं की सगळं नेहमी फुटतच जातं. बांबूत फांद्या फुटल्या आणि पुन्हा येऊन मिळाल्यासुद्धा. नदीचे फाटे फुटतात आणि खाली परत एकत्र येतात तसं. चित्र असं काढा: चार रंगांच्या रेघा, त्या तीन ठिकाणी वेगवेगळ्या जोड्यांनी वेणीसारख्या गुंफलेल्या, आणि मऊ बांबूची पाचवी रेघ एकटी सरळ. शब्द एकही लागत नाही. मूल रंग मोजून सांगेल की मानवेलमध्ये तीन रंग आहेत.

पारंबी

वेणीची कल्पना फार आवडली. रंगाऱ्याला आधी पेन्सिलीने जोडबिंदू आखून घ्यायला सांगा. नंतर रंगावर रंग चढला की काळपट होतं.

खोडपर्ण

वंशवृक्ष झाला. पण मूळ प्रश्न पाट्यांचा आहे, आणि नर्सरीच्या चिठ्ठीवरून पाटी रंगवणं धोक्याचं. बांबूला फुलं दशकांनी येतात, म्हणून ओळख कोंबावरच्या आवरणावरून, म्हणजे शीथवरून करावी लागते. आत्ता भाद्रपद आहे, योग्य वेळ. यंदाचे कोंब पूर्ण वाढलेत आणि आवरणं अजून गळलेली नाहीत.

कृती:

एका बेटातलं यंदाचं निरोगी खोड निवडा. जमिनीपासून पाचव्या-सहाव्या पेरावरचं (गाठीवरचं) आवरण घ्या, आणि प्रत्येक बेटात तेच पेर घ्या. खालच्या पेरांची आवरणं आखूड, रुंद आणि टोकाचं पातं इवलंसं असतं. वरच्या पेरांची लांब, अरुंद, पातं मोठं. एका बेटाचं तिसऱ्या पेरावरचं आणि दुसऱ्याचं दहाव्यावरचं आवरण शेजारी ठेवलं की एकच जात दोन वाटते. सर्वाधिक चुका इथेच होतात.

काढताना आवरण ओढू नका. सुरीने तळाशी गोल चीर द्या आणि उलगडा. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, कूस, म्हणजे आवरणावरचे बारीक टोचरे केस, कातडीत घुसली की दोन दिवस आग होते. कूस बोटांनी पुसू नका, तिचा रंग आणि दिशा ही ओळखीची खूण आहे.

लगेच, ओलं असतानाच, बाहेरून आणि आतून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग वर्तमानपत्रात सपाट दाबा आणि पहिला आठवडा कागद रोज बदला, नाहीतर बुरशी चढते. आवरण वाळून गुंडाळलं गेलं असेल तर जबरदस्तीने सपाट करू नका. वरचे कान तुटतात आणि मग ओळखच जाते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, आपोआप उलगडतं.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीत पसरते. त्यावर बेट क्रमांक, पेर क्रमांक, तारीख, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, कांड्याची लांबी, भिंतीची जाडी. जाडीसाठी जुनं वाळलेलं खोड कापा.

आता बघायचं काय? टोकाला दोन बाजूंना कान आहेत का, सारखे की लहान-मोठे, त्यावर केसांची झालर आहे का. मधली जिभली किती उंच, सरळ की दातेरी. पातं उभं की मागे वळलेलं, आणि आतल्या बाजूला केस आहेत का.

कमाटीकर

फारच नेमकं. काटस आणि मानवेल यांत फरक सांगाल का? डांगमधून दोन्ही आणली होती, लहानपणी सारखीच दिसत होती.

खोडपर्ण

डांगात आणि राजपिपळ्याच्या बाजूला हीच दोन नावं चालतात, आणि ती अगदी नेमकी आहेत.

मानवेल म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. खोड साधारण २.५ ते ८ सेंमी जाड. कोरड्या जागी जवळजवळ भरीव, ओलीत पोकळ. आवरणाच्या पाठीवर सोनेरी-तपकिरी ताठ कूस, कान अगदी लहान किंवा नाहीत, जिभली दोन-तीन मिमी आणि दातेरी.

काटस म्हणजे बांबुसा बॅम्बोस. खोड १० ते १८ सेंमीपर्यंत, पोकळ. पेरांवर दोन-तीनच्या जुळीत वाकडे काटे, आणि बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं. आवरण जाड चामड्यासारखं, पात्याची आतली बाजू गडद केसांनी भरलेली.

एक सावधगिरी. जनावरांनी चरलेल्या मानवेलच्या खालच्या फांद्या आखूड, ताठ आणि वाकड्या होतात, त्या काट्यासारख्या वाटतात. खरा काटा पेराशी जुळीत येतो आणि त्याला पानं फुटत नाहीत.

गवत्या

फुलं आलीच कधी तर दोन प्रजातींमधला फरक असा: दोघांतही पुंकेसर सहा, भातासारखे. बांबुसात फुलाच्या तळाशी तीन बारीक खवले आणि सहसा तीन कुक्षी. डेंड्रोकॅलॅमसमध्ये खवले सहसा नाहीत आणि कुक्षी एक. फिलोस्टॅकिसमध्ये पुंकेसर तीनच.

रानवाट

काटसाला वनखात्याच्या जुन्या कागदांत बांबुसा अरुंडिनेशिया लिहिलेलं असतं. मग बॅम्बोस का?

मूळकंद

लिनियसने १७५३ मध्ये याला अरुंडो बॅम्बोस म्हटलं, म्हणजे देवनळाच्या प्रजातीत घातलं. बांबुसा ही प्रजाती श्रेबरने १७८९ मध्ये मांडली, आणि विल्डेनोने १७९९ मध्ये अरुंडिनेशिया हे जातिनाम तिच्याखाली वापरलं. नियम असा की जातीचं सर्वांत जुनं नाव टिकतं, प्रजाती बदलली तरी. म्हणून बांबुसा बॅम्बोस. जुनं नाव कंसात बारीक अक्षरांत द्या, म्हणजे जुने कागद वाचणाऱ्याला जुळवता येईल.

माणगेवाला

सिंधुदुर्गातून. आमच्या माणग्याचं नाव दोनदा बदललंय, ते नीट लिहा. मन्रोने १८६८ मध्ये ऑक्सिटेनँथेरा स्टॉक्सी म्हणून वर्णन केलं. पुढे तो स्यूडोऑक्सिटेनँथेरामध्ये गेला. २००४ मध्ये केरळच्या अभ्यासकांनी डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी केलं. आज लेखांत शेवटची दोन्ही नावं दिसतात.

खूण सोपी: काटे नाहीत, खोड सरळ, बुडाकडे भरीव, बेट मोकळं असल्याने तोडणी सोपी. बी धरत नाही, त्यामुळे लागवड कंदापासून किंवा कांड्यांपासूनच. म्हणून बियांची रोपं 'माणगा' म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका.

खोडपर्ण

@माणगेवाला, मी पाटीवर स्यूडोऑक्सिटेनँथेरा स्टॉक्सी घेईन आणि डेंड्रोकॅलॅमस कंसात.

माणगेवाला

माझं मत उलट. डेंड्रोकॅलॅमस लिहिलं तर मुलाला मानवेलशी नातं लगेच कळतं.

मूळकंद

बांबुसा, डेंड्रोकॅलॅमस आणि जायगँटोक्लोआ यांच्या सीमाच मुळात धूसर आहेत. उष्ण बांबूंत संकर झालेत, त्यामुळे जनुकांवरून काढलेल्या वृक्षात या प्रजातींच्या जाती एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. दोन्ही नावं द्या, एकाच आकाराच्या अक्षरांत, मध्ये तिरकी रेघ. हा वाद पाटीवर सुटायचा नाही.

पारंबी

आणि 'भीमा'?

गवत्या

ते व्यापारी नाव. जात बांबुसा बाल्कोआ, त्यातला निवडलेला वाण, उतिसंवर्धनाने वाढवलेला. खूण: पेर फुगीर आणि त्यावर पांढरट कडी. पिवळा हिरव्या रेघांचा म्हणजे बांबुसा वल्गॅरिसचा व्हिट्टाटा वाण, ती वेगळी जात नव्हे. पाटीवर जात आणि वाण दोन ओळींत लिहा.

दांडियाबाजार

माझ्या मुलीने विचारलंय: बांबूला फळ लागतं का?

रानवाट

लागतं, गव्हासारखा दाणा. पण ईशान्येतल्या मेलोकॅना बॅक्सिफेराला पेरूएवढं मांसल फळ लागतं, गवतांत दुर्मीळच. तो साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. उंदीर त्या फळांवर वाढतात आणि फळं संपली की भातावर पडतात. मिझोराममध्ये याला मौतम म्हणतात. १९५८-५९ मध्ये त्यातून दुष्काळ पडला, पुढचा बहर २००६-०७ चा. केरळातली ऑक्लँड्रा त्याच उपगटातली, तिचंही फळ मांसल.

कमाटीकर

आज बेट क्रमांक सहाचं, म्हणजे 'हायब्रिड'चं आवरण काढलं. सहावं पेर. पाठीवर काळपट तपकिरी कूस, दोन्ही बाजूंना मोठे, जवळजवळ सारखे कान आणि त्यावर केसांची झालर. पातं त्रिकोणी, उभं. खोड हिरवं चकचकीत, पोकळ, कांडी जरा वाकडीतिकडी. काटे नाहीत. पेरावर पांढरी कडी नाही.

खोडपर्ण

बांबुसा वल्गॅरिस, हिरवा. बाल्कोआला एवढे कान नसतात आणि तुमच्या पेरावर कडीही नाही. पिवळ्या बेटाचं त्याच पेरावरचं आवरण शेजारी ठेवून बघा, कानांची ठेवण तशीच निघेल.

गवत्या

सहमत. शिवाय दोन वेगळ्या जातींच्या बांबूंना एकाच वेळी फुलं येणं दुर्मीळ, त्यामुळे माणसाने केलेले खरे संकर मोजकेच. चिठ्ठीवर दोन पालकांची नावं नसतील तर 'हायब्रिड' हा शब्द वगळावा.

कमाटीकर

पिवळ्याचं आवरण जुळलं, कान तसेच. मग मानवेलच्या पाटीचा नमुना असा:

मानवेल
डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस
कुल पोएसी, उपकुल बांबुसॉइडी, ट्राइब बांबुसिई
मूळ प्रदेश: भारत व शेजारी देश. ओळख: काटे नाहीत, खोड जाड भिंतीचं किंवा भरीव, आवरणावर सोनेरी-तपकिरी कूस.

खाली काचेखाली खरं आवरण चिकटवणार. पाट्या बेटाच्या अगदी बुडाशी रोवू का?

मूळकंद

नका. तुमच्या सगळ्या बेटांचे कंद आखूड-जाड प्रकारचे आहेत. कंदाचं टोक वर वळून खोड होतं आणि बाजूच्या डोळ्यातून पुढचा कंद. म्हणजे बेट दरवर्षी बाहेरच्या बाजूने सरकतं. पाटी आजच्या कडेपासून दीड मीटर बाहेर, काटसाच्या बाबतीत तीन मीटर. आणि काचेच्या आत आवरण ठेवण्याआधी ते पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर किडे आतल्या आत कूस खाऊन टाकतील.